मूकनायकाची लेकरे इंग्रजीत मुकी का?

किल्लारीच्या माणसांच्या तोंडी इंग्रजी आली ती शाळेतून नव्हे, भूकंपातून. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गाव झोपलेले असताना जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. मागोमाग लष्कर आले, परदेशी पत्रकार आले, जागतिक बँकेचे कर्ज आले. त्यांच्यासोबत शब्दही आले. 'सर्व्हे', 'प्लॉट', 'बेनिफिशरी', 'ए कॅटेगरी', 'बी कॅटेगरी'. 52 गावे उचलून नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीनाला आणि हेक्टरभराच्या आतल्या शेतकऱ्याला 250 चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्याला 450 आणि त्याच्या वर 750! ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन नव्हती, त्याला भूकंपानंतरही कमीच मिळाले. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा. येथे सांगायचे ते एवढेच, की ज्या आजीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तिलाही 'कॅटेगरी' या शब्दाचा अर्थ चार दिवसांत पक्का कळला. का? त्या शब्दावर तिचे घर अवलंबून होते म्हणून.

आता त्या आजीच्या पणतवंडांकडे पाहू. सन 2000 मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी ती पाचवीपासून होती. म्हणजे आज दहावीला बसणारे मूल सलग दहा वर्षे इंग्रजी शिकलेले असते. दहा वर्षांत माणूस सुतारकाम शिकून चार शिष्य तयार करतो. आमचे मूल दहा वर्षांनंतर काय करते?

या परिसरातील एका शाळेत नववीच्या वर्गावर काही वेळ बसण्याचा योग आला. सरांनी फळ्यावर वाक्य लिहिले आणि त्याचा पॅसिव्ह व्हॉइस करायला सांगितला. निम्म्या वर्गाने बिनचूक केला. नंतर मी एका मुलीला सहज विचारले, 'व्हॉट टाइम डिड यू कम टु स्कूल?' ती उभी राहिली, मैत्रिणीकडे पाहिले आणि मान खाली घातली. मुलगी हुशार होती. तिला प्रश्न कळला होता, हेही तिच्या डोळ्यांत दिसत होते. पण इतक्या वर्षांत तिला इंग्रजीतून कोणी काही विचारलेच नव्हते! धडा वाचायचा, सरांनी त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, गाइडमधली उत्तरे वहीत उतरवायची, ही आपली इंग्रजी शिकवण्याची रीत. यात दोष एकट्या शिक्षकाचा नाही. त्यालाही असेच शिकवले गेले आणि त्याच्या माथी निकालाचा टक्का मारलेला आहे.

आणि निकाल कसा लागतो तेही पाहू. इंग्रजीच्या 100 गुणांपैकी 80 लेखी आणि 20 तोंडी-अंतर्गत. हे 20 गुण बोलण्या-ऐकण्यासाठी आहेत. व्यवहारात इंग्रजी वापरता येते का, हे तपासण्याची हीच एक जागा. तिथे काय होते ते पालकांना ठाऊक आहे, शिक्षकांना ठाऊक आहे आणि मंडळालाही ठाऊक आहे. मार्च 2019 च्या परीक्षेला भाषांचे व समाजशास्त्रांचे हे गुण काढून टाकण्यात आले. 2018 मध्ये दहावीचा निकाल 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि 2020 मध्ये निकाल 95.30 टक्के! नवा अभ्यासक्रमही 2019 लाच आला होता हे खरे, तरीही हे आकडे बोलके आहेत. त्यावर उपाय म्हणून मुलांना बोलायला शिकवण्याऐवजी आपण गुण परत मागून घेतले.

याची किंमत अकरावीला मोजावी लागते. महाराष्ट्रात अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतूनच शिकवले जाते. 'लातूर पॅटर्न'चा डंका देशभर वाजतो, पण किल्लारीहून लातूरला जाऊन वसतिगृहाच्या खोलीत उतरलेला मराठी माध्यमाचा मुलगा पहिले सहा महिने फिजिक्स शिकत नसतो, तो फिजिक्सचे इंग्रजी शिकत असतो. नीट 2017 पासून मराठीतही देता येते म्हणे! पुस्तके इंग्रजीत, क्लास इंग्रजीत, सराव परीक्षा इंग्रजीत आणि प्रश्नपत्रिका तेवढी मराठीत घेऊन तो काय करणार? पैसेवाल्याने आपले मूल आधीच सेमी इंग्रजीच्या 'अ' तुकडीत घातलेले असते. 'क' तुकडीच्या हजेरीपटावरची आडनावे एकदा वाचून पाहा. गावकुसाबाहेरची वस्ती भूकंपात पडली, पण गावकूस वर्गात जसेच्या तसे उभे आहे.

बाबासाहेब इंग्रजी कसे शिकले? चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे, की सुभेदार रामजी आंबेडकरांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. हे घरात झाले, रोज झाले आणि मराठीचा हात धरून झाले. त्याच बाबासाहेबांनी 1920 मध्ये 'मूकनायक' काढला तो मराठीत, 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' काढला तोही मराठीत आणि 1930 मध्ये गोलमेज परिषदेत ब्रिटिश पंतप्रधानांसमोर उभे राहिले ते इंग्रजीत. आपल्या माणसांशी एका भाषेत आणि सत्तेशी दुसऱ्या भाषेत बोलण्यात त्यांना अडचण वाटली नाही. त्याआधी सावित्रीमाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. मराठवाड्यात तर निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून होते. आमच्या आजोबांना कचेरीतला कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. 1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, जे पुढे 'मिलिंद' झाले, तेव्हा कुठे आपल्या मुलांना ज्ञानाचे दार उघडले.

मग सरळ इंग्रजी माध्यमच का नको, असा प्रश्न आपल्या समाजातील अनेक पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. शहाणपण शिकवणारे बहुतेक जण आपली मुले इंग्रजी शाळेत घालून मग मराठीवर भाषण देतात! तरीही सांगतो, माध्यम बदलणे आणि इंग्रजी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आफ्रिकेतील रवांडाने 2008 मध्ये शाळांचे माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शिक्षकांनाच इंग्रजी येत नव्हते. मग मुले काय शिकणार? आपल्या तालुक्यातल्या चकचकीत पाटीच्या कित्येक इंग्रजी शाळांत वेगळे काय घडते? उलट कॅनडातील क्वेबेक प्रांत पाहा. तिथे 1977 च्या कायद्याने बहुसंख्य मुले फ्रेंच शाळेतच शिकतात. इंग्रजी हा एक विषय. पण त्या विषयात इंग्रजीतून संभाषण करणे ही पहिली क्षमता मानतात आणि काही शाळांत सहावीच्या वर्षातले जवळपास पाच महिने इंग्रजीला वाहिलेले असतात. मातृभाषेतील शाळा आणि उपयोगाची इंग्रजी एकत्र नांदू शकतात.

2010 मध्ये उत्तर प्रदेशातील बांका गावी दलितांसाठी 'इंग्रजी देवी'चे मंदिर उभारण्याचा घाट घालण्यात आला होता. त्यामागची तळमळ मी समजू शकतो. पण ज्यांनी 22 प्रतिज्ञा घेतल्या, त्यांना आणखी एक देवी कशाला? इंग्रजीची पूजा करून ती येत नाही. आरती पाठ केल्यासारखे धडे पाठ करणे हीसुद्धा पूजाच आहे.

उपयोगाची इंग्रजी म्हणजे काय, ते किल्लारीच्या पोरांनाच विचारा. वडील फवारणी करतात त्या औषधाच्या डब्यावर काय लिहिले आहे, दवाखान्याच्या चिठ्ठीवर गोळी जेवणाआधी आहे की नंतर, बँकेचा संदेश खरा की फसवणुकीचा, पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटल्यावर काय बोलायचे, हे सगळे इंग्रजीच आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीचे 75 विद्यार्थी दरवर्षी परदेशी जाऊ शकतात. अर्जासोबत आपण कोण, काय शिकणार, का शिकणार हे इंग्रजीत स्वतः लिहावे लागते. ते गाइडात मिळत नाही.

आणि धड्यासाठी विषय हवा असेल तर तो पायाखालीच आहे. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत 617 मीटर खोल छिद्र पाडले. 338 मीटरपर्यंत काळा बेसाल्ट, त्याखाली त्याहून जुना खडक. किल्लारीच्या जमिनीवर जगभरच्या शास्त्रज्ञांनी लिहिले, ते सारे इंग्रजीत. आमच्या गावाची जमीन का हलली, हे टोकियोतल्या माणसाला वाचता येते आणि किल्लारीतल्या मुलीला येत नाही! त्यातला एक परिच्छेद सोपा करून नववीच्या वर्गात ठेवा. मुले घरी जाऊन आजीला 1993 ची रात्र विचारतील, मराठीत ऐकतील आणि पाच वाक्ये इंग्रजीत सांगतील. चुकू द्या. आपल्या पट्ट्यातला पोरगा बाजारात मराठी, दखनी आणि चार कानडी शब्द मिसळून सौदा पटवतो, तेव्हा त्याचे व्याकरण कोण तपासते?

2025 च्या एप्रिल ते जून या काळात पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवर राज्यात रान पेटले आणि 29 जूनला सरकारने निर्णय मागे घेतला. त्या तीन महिन्यांत आधीपासून शिकवली जाणारी इंग्रजी मुलांना येते का, याची चर्चा कोणी केली नाही. ती चर्चा आपल्याला करावी लागेल. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक आहेत. तोंडी परीक्षा आमच्यासमोर घ्या, मुलांना खरोखर बोलते करा, एवढी मागणी त्यांनी पहिल्या बैठकीत लेखी द्यावी.

शासनाची वाट न पाहताही एक काम होते. वस्तीत बुद्ध विहार आहे आणि रविवारी वंदनेनंतर ते रिकामे असते. लातूर-पुण्याला शिकणारी आपली मुले-मुली सुट्टीला गावी येतात, त्यांनी एक तास द्यावा. पहिल्या रविवारी औषधाच्या बाटल्या, बियाण्याच्या पिशव्या, बँकेची पुस्तके घरून आणायला सांगा आणि त्यावरचे इंग्रजी वाचा. दुसऱ्या रविवारी जोड्या लावून एकमेकांना फोन करायला लावा, एक गिऱ्हाईक, एक दुकानदार. हसतील, अडखळतील, थांबतील. तिसऱ्या रविवारी समाजकल्याण अधिकाऱ्याला शिष्यवृत्ती रखडल्याबद्दल इंग्रजीत अर्ज लिहा. तो खोटाखोटा लिहायची गरज नाही, शिष्यवृत्ती रखडलेला एखादा मुलगा विहारात सापडेलच. सोमवारी तो अर्ज टपालात टाका आणि पोच जपून ठेवा.