जहाजांची सुरक्षा : दप्तरातली आणि डेकवरची

कोल्हापूरचा आणि सागरी सुरक्षेचा संबंध काय, असा प्रश्न घाटमाथ्यावरील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु १८१२ साली इंग्रजांशी तह करून, मालवण त्यांच्या हवाली करून, समुद्रावरील लूट थांबविण्याची हमी दिली ती कोल्हापूर दरबारानेच. सबळाने नियम करावेत आणि इतरांनी ते पाळावेत, हीच तेव्हाची सागरी सुरक्षा होती.

आज हे नियम राष्ट्रे एकत्र बसून करतात. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००२ मध्ये लंडन येथे जहाजे व बंदरे यांची सुरक्षा संहिता संमत केली आणि १ जुलै २००४ पासून ती अमलात आली. परदेशी जाणारी प्रवासी जहाजे आणि ५०० ग्रॉस टनेज व त्यावरील मालवाहू जहाजे तिच्या कक्षेत येतात. जहाजाला असलेल्या धोक्यांची पाहणी, तीवरून केलेला आराखडा, त्यासाठी नेमलेला अधिकारी आणि संकटात किनाऱ्याला गुपचूप इशारा देणारी यंत्रणा, एवढी सिद्धता झाल्यावरच प्रमाणपत्र मिळते. ते नसेल तर परक्या बंदरात जहाज अडकू शकते. त्यात कोल्हापूरच्या कारखान्यांतील ओतीव भाग असतील, तर तेही अडकतात.

नियम आवश्यक आहेत, यात शंका नाही. पण सुरक्षा अधिकाऱ्याचे काम बहुधा इतर कामे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्याच माथी येते. तीन महिन्यांतून एकदा तरी सराव व्हावा, असे संहितेचे मार्गदर्शन आहे. सराव मनापासून झाला की केवळ नोंदवहीत झाला, हे प्रमाणपत्र सांगत नाही. कचेरीत आयुष्य काढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय खलाशाला किनाऱ्यावर उतरू देण्याचे महत्त्व संहितेच्या प्रस्तावनेतच मान्य केले असताना, सुरक्षेच्याच नावाखाली अनेक बंदरांत त्याला जहाजावर अडकवून ठेवले जाते. शिणलेल्या, कोंडलेल्या माणसाने दक्ष पहारा द्यावा, ही अपेक्षाच विसंगत आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. १९९३ साली मुंबईतील स्फोटांसाठीची स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरली. २००८ साली हल्लेखोर मुंबईकडे आले ते ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेतून, आणि किनाऱ्याला लागले ते रबरी होडीतून. अशा लहान नौका या संहितेच्या कक्षेबाहेरच आहेत. मोठ्या जहाजाच्या शिडीवर ओळखपत्र तपासले जात असताना शेजारच्या खाडीत कोण उतरले, हे प्रथम कळते ते कोळ्याला. त्याला संशयित न मानता पहारेकरी मानल्याखेरीज ही सिद्धता पुरी होणार नाही.