राजासॉरस : नर्मदेच्या खोऱ्यातील शिंगधारी सरडा

बडोद्याच्या उत्तरेस, शंभर किलोमीटरांच्या आत, बालासिनोरजवळ रैयोली नावाचे एक लहानसे गाव आहे. १९८१ साली या परिसरातील चुनखडकात डायनोसॉरची अश्मीभूत अंडी आढळून आली आणि हे गाव जगाच्या नकाशावर आले. त्यानंतर १९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे श्री. सुरेश श्रीवास्तव यांनी येथून शेकडो हाडे बाहेर काढली. प्रत्येक हाड नेमके कोठे व कसे पडले होते, याचा तपशीलवार नकाशा त्यांनी त्याच वेळी तयार केला. या नकाशाचे महत्त्व पुढे दिसून आले.

ओळख पटली कशी ? ही हाडे एकाच प्राण्याची नव्हती. अजस्र शाकाहारी प्राण्यांच्या हाडांत मांसाहारी प्राण्याची हाडे मिसळलेली होती. सुमारे वीस वर्षांनंतर प्रा. अशोक साहनी, जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो व त्यांचे सहकारी यांनी जुन्या नकाशाच्या आधारे एकाच प्राण्याची हाडे निवडून काढली. २००३ साली 'राजासॉरस नर्मदेन्सिस', म्हणजे नर्मदेकाठचा राजसरडा, असे त्याचे नामकरण झाले.

शरीररचना : या प्राण्याचा मेंदूकोश, कणा, श्रोणी, मागील पाय व शेपटी यांचे भाग उपलब्ध आहेत. कपाळावरील ठेंगणे, गोलसर शिंग हे त्याचे ठळक लक्षण होय. हे शिंग नाकाचे व कपाळाचे हाड मिळून बनलेले आहे. श्रोणीच्या भक्कम हाडावरील आडवा कंगोराही त्याची वेगळी ओळख पटवितो. तो दोन पायांवर चालत असे. २०१६ मधील एका अनुमानानुसार त्याची लांबी सुमारे साडेसहा मीटर असावी.

वर्गीकरण : सरड्यासारखी श्रोणी असलेल्या डायनोसॉरांच्या गणातील थेरोपॉड या उपगणात व अबेलिसॉरिड कुलात त्याची गणना होते. मादागास्करचा माजुंगासॉरस व अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस हे याच कुलातील प्राणी. पैकी कार्नोटॉरसला डोळ्यांवर दोन शिंगे होती. आज समुद्रांनी विभागलेल्या या भूमी एके काळी गोंडवन खंडात एकत्र होत्या, याची साक्ष हे नाते देते.

राजासॉरसची हाडे ज्या थरांत सापडली त्यांना 'लामेटा' हे नाव जबलपूरजवळील लामेटा घाटावरून मिळाले. हे थर सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे असून, सह्याद्री ज्या काळ्या खडकाचा बनला आहे त्या लाव्हाच्या थरांखाली ते आढळतात. महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा येथे याच थरांत डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. म्हणून हा विषय आपल्यालाही दूरचा नाही.

आपले कर्तव्य : जागेवरून हलविलेले हाड निम्मे मुके होते. रैयोलीचा नकाशा नसता, तर राजासॉरस हाडांच्या ढिगाऱ्यातच हरवला असता. शेतात, विहिरीच्या खोदकामात वा खाणीत हाडासारखा अथवा अंड्यासारखा दगड दिसल्यास तो फोडू नये, घरी नेऊ नये व विकू नये. जागेची खूण व छायाचित्र ठेवून तहसीलदारांना किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या नागपूर येथील कार्यालयास कळवावे. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी, आणि शक्य झाल्यास २०१९ साली रैयोली येथे सुरू झालेले डायनोसॉर संग्रहालय त्यांना दाखवावे.