विश्लेषण : निवासी डॉक्टरांचा आठवडा नेमका किती तासांचा? महिलांची रात्रपाळी टाळणे हा उपाय का नाही?

सरकारी रुग्णालयात मध्यरात्री अपघातातला रुग्ण नेला, तर त्याला बहुतेक वेळा आधी निवासी डॉक्टर तपासतात. पदव्युत्तर शिक्षण घेणारे हे डॉक्टर कधी कधी सलग ३६ तास ड्युटीवर असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा ड्युटीला अमानवी म्हटले. मग नियम काय सांगतात?

किती तास काम अपेक्षित आहे?
केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशांनुसार सलग ड्युटी १२ तासांहून अधिक नको आणि आठवड्याला ४८ तास काम. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत मात्र आकडाच नाही, फक्त ‘वाजवी तास’ असा उल्लेख आहे. आयोगाच्याच कृतिदलाने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास सुचवले. म्हणजे १९९२ पेक्षा २६ तास जास्तच. तरीही ३६ तासांच्या दोन ड्युटी केल्या, की त्यातले ७२ तास तिथेच संपतात.

बर्नआउट म्हणजे नुसता थकवा का?
नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या : कमालीचा थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काम नीट होत नाही ही भावना. संघटनेने त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या ताणाशी जोडले आहे. त्यामुळे ड्युटीचा तक्ता तसाच ठेवून नुसते समुपदेशन पुरत नाही.

महिला डॉक्टरांना जास्त त्रास का?
इंडियन मेडिकल असोसिएशनच्या २०२४ च्या ऑनलाइन पाहणीत ३,८८५ डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्यात सुमारे ६३ टक्के महिला होत्या. रात्रपाळीत असुरक्षित वाटते, असे ३५ टक्के डॉक्टरांनी सांगितले. ४५ टक्के जणांना रात्री ड्युटी रूमच मिळत नव्हती. जिथे होती, तिथल्या एक तृतीयांश खोल्यांना जोडून स्वच्छतागृह नव्हते. पाळीच्या दिवसांत किंवा गरोदरपणी याचा त्रास किती होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

मग रात्रपाळीच नको?
महिलांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये, अशी भूमिका पश्चिम बंगाल सरकारने घेतली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आक्षेप घेतला : सुरक्षा देणे हे सरकारचे काम आहे, महिलांनी रात्री काम करू नये असे सांगता येणार नाही. रात्रपाळी गेली, तर आपत्कालीन रुग्ण हाताळण्याचा अनुभवही जातो आणि तेवढे तास पुरुष सहकाऱ्यांच्या माथी येतात.

कायदा काय देतो?
१० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. कायद्यानुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर पाळणाघरही हवे.

रुग्णांचा काय संबंध?
सलग तिसाव्या तासाला औषधाचा डोस लिहिणाऱ्या डॉक्टरकडून चूक होण्याचा धोका वाढतो. ती चूक रुग्णाला भोवते. त्यामुळे ड्युटीचे तास, कुलूप लागणारी खोली आणि स्वच्छतागृह हे प्रश्न फक्त डॉक्टरांचे राहत नाहीत.