कल्पनेतल्या गावाचाही जमाखर्च मांडा

शाळेत मुलांना ‘माझ्या स्वप्नातील गाव’ या विषयावर निबंध लिहायला सांगतात. बहुतेक वह्यांमध्ये उडत्या गाड्या असतात, बटण दाबताच तयार होणारे जेवण असते, उंच इमारती असतात. पण त्या गावचे पाणी कोण भरते, गटारे कोण उपसते, सांडपाणी कुठे जाते, हे कुणीच लिहीत नाही. गाव काल्पनिक असले तरी हे प्रश्न खरे आहेत. मी कारकून माणूस. जमाखर्च जुळल्याशिवाय मला पान उलटता येत नाही. म्हणून आज स्वप्नातल्या गावाचीच खतावणी उघडू या.

असे गाव आपल्या देशातल्या एका बाईने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रचले होते. तिचे नाव बेगम रुकय्या सखावत हुसेन. जन्म १८८० साली, आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर भागात. घरात पडदा कडक. भावाच्या मदतीने ती घरातच इंग्रजी शिकली. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात तिची ‘सुलतानाज् ड्रीम’ म्हणजे ‘सुलतानाचे स्वप्न’ ही कथा छापून आली.

त्या कथेतल्या राज्याचा कारभार बायका चालवतात. तिथे कोळसा नाही, धूर नाही. सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक होतो. स्वयंपाकघर भाजीच्या मळ्यात आहे. ढगांतून नळाने पाणी खाली घेतात, त्यामुळे शेतीला पाणी मिळते आणि वादळाचाही त्रास होत नाही. रस्त्यावर मऊ शेवाळ आणि फुले आहेत. दिवसाला दोन तास काम पुरते. चुलीच्या धुरात डोळे चोळणाऱ्या बाईच्या गरजेतून ही कल्पना निघाली, हे वाचताना जाणवते.

पण खतावणीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या राज्यात पुरुषांना घरात कोंडून ठेवले आहे. ज्या उन्हावर भात शिजतो, तेच ऊन शत्रूच्या सैन्यावर सोडून त्याला पळवूनही लावले आहे. लेखिकेने पडद्याची रीत उलटी करून दाखवली, तो तिचा बोचरा विनोद होता. तरी त्यातून आपल्याला धडा मिळतो : यंत्र कितीही स्वच्छ असले, तरी कुणीतरी भिंतीआड राहिलेच, तर समाज पुरता स्वच्छ झाला असे म्हणता येत नाही. रुकय्या स्वतः कथेवर थांबली नाही. १९११ साली तिने कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा सुरू केली.

आता कुणी म्हणेल, निसर्गाच्या बळावर चालणारे तंत्र कथेतच शोभते. तसे नाही. मेघालयात खासी आणि जैंतिया लोक जिवंत पूल वाढवतात. तिकडे पाऊस इतका, की लाकूड-बांबूचे पूल लवकर कुजतात. म्हणून ओढ्याच्या काठी ते रबराचे झाड लावतात. हे झाड वड-पिंपळाच्याच कुळातले. त्याची हवेत लोंबणारी मुळे बांबूच्या आधाराने किंवा पोखरलेल्या सुपारीच्या खोडातून पलीकडच्या काठावर नेतात. माणसाचे वजन पेलण्याइतका पूल व्हायला पंधरा ते तीस वर्षे लागू शकतात. चाळीच्या भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप भिंत कशी फोडते, हे आपण पाहतो. तिथे तोच जोर कामाला लावला आहे. नाँगरियात गावी तर असा दुमजली पूल आहे. लोखंडाचा पूल दरवर्षी थोडा झिजतो, हा पूल निगा राखली तर दरवर्षी थोडा बळकट होतो. लावणारा म्हातारा होतो आणि पुलावरून नातवंडे शाळेत जातात.

दुसरे उदाहरण कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीचे. शहराचे सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत सोडतात. ऊन, शेवाळ आणि सूक्ष्म जीव ते पाणी निवळतात. त्यावर मासे वाढतात, आसपास भाजी पिकते. सुमारे १२,५०० हेक्टरच्या या परिसराला २००२ साली रामसर यादीत स्थान मिळाले. जी घाण आपण खर्चाच्या बाजूला लिहितो, ती तिथे जमेच्या बाजूला गेली आहे.

म्हणून पालकांना एक सुचवावेसे वाटते. रविवारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मुलामुलींना एक गाव काढू द्या. राजा असो, परी असो, बोलणारी झाडे असोत, कशालाही मना करू नका. फक्त चार रकाने भरून घ्या. पहिला, हे तंत्र कोणत्या जिवावर चालते आणि तो जीव काय खातो-पितो? दुसरा, ते वाढायला किती वर्षे लागतात आणि तोवर लोक काय करतात? तिसरा, घाण कुठे जाते? चौथा, ते काम कोण करतो, आणि तेच काम त्याच्या मुलांच्याही माथी आहे का?

चौथा रकाना मुले सोडून देतील. तो सोडू देऊ नका. गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला, तरीही गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतात. ती माणसे कोणत्या वस्तीतली असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ज्या मुलीने आज कागदावर एकाही माणसाला गटारात न उतरवता गाव स्वच्छ ठेवले, ती उद्या इंजिनियर झाली किंवा नगरसेविका झाली, तर खऱ्या गावाच्या नकाशासमोर तोच प्रश्न विचारील. हा प्रश्न विचारायची सवय घरातूनच लागली पाहिजे. त्याला लागतो फक्त एक जुना कागद आणि आईबापांचा एक तास.