जपानी करमणुकीतील उमेद

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. ओकायामा शहरातील कोराकुएन या जुन्या बागेच्या धर्तीवर ते उभे केले आहे. तेथील पाणी, हिरवळ आणि शांतता पाहून जपानी माणूस मोठा अबोल व विरक्त असावा, असा आपला समज होतो. ‘पूर्वरंग’ वाचलेल्यांचा तसा होणार नाही म्हणा! कारण त्याच देशाच्या गाण्यांत, चित्रकथांत आणि शाळेच्या मैदानावर एक शब्द सतत दुमदुमत असतो : ‘गाम्बारे’. नेट लाव, सोडू नकोस, असा त्याचा अर्थ. परीक्षेला निघालेल्या मुलाला आपण ‘यशस्वी हो’ म्हणतो. तेथे यशाची नव्हे, यत्नाची आठवण देतात.

हा उत्साह खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा आहे काय? 1945 च्या ऑगस्टमध्ये जपान शरण आला. शहरांची राख झालेली, अन्नाची ददात. अशा वेळी ऑक्टोबरमध्ये ‘सोयोकाझे’, म्हणजे वाऱ्याची झुळूक, नावाचा चित्रपट आला आणि त्यातील सफरचंदाचे गाणे घरोघर पोहोचले. गाण्यात युद्धाचा उल्लेखही नाही. एक तांबडे सफरचंद आणि निळे आकाश. ते गाणाऱ्या नामिकी मिचिको हिची आई त्याच वर्षी मार्चमध्ये तोक्योवरील बॉम्बवर्षावात गेली होती. ते हसरे गाणे कोणत्या गळ्यातून आले, हे कळल्यावर त्याला उथळ म्हणण्याचे धाडस होत नाही.

1961 मध्ये साकामोतो क्यू याने गायिलेल्या गाण्यातला माणूस डोळ्यांतले पाणी सांडू नये म्हणून मान वर करून चालतो. चाल मात्र शीळ घालावी अशी. कवी एइ रोकुसुके याच्या मनात होती ती अमेरिकेशी झालेल्या संरक्षण कराराविरुद्धच्या, 1960 मधल्या, फसलेल्या आंदोलनाची निराशा. हेच गाणे 1963 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, तेही ‘सुकियाकी’ या नावाने. सुकियाकी हा मांसाचा एक पदार्थ. आपले एखादे भावगीत परदेशात ‘मिसळ’ म्हणून खपावे, तसा हा प्रकार!

परंतु या शब्दाला दुसरी धारही आहे. 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात कोबे शहर व परिसरात सहा हजारांवर माणसे दगावली. तेथील ओरिक्स या बेसबॉल संघाने ‘गाम्बारो कोबे’ ही अक्षरे बाहीवर लावून त्या वर्षी आपल्या लीगचे विजेतेपद मिळविले. लोकांना धीर आला, हे खरेच. पण ज्याचे घर गेले, माणसे गेली आणि जो आधीच जीव तोडून उभा आहे, त्याला आणखी नेट लावायला सांगणे ही सहानुभूती नसून तगादा ठरतो. खिन्नतेने आजारी असलेल्याला हा शब्द ऐकवू नये, असे तेथील डॉक्टरच नातलगांना सांगतात. मला वाटते, उमेद मागता येत नाही. ती वाटेल अशी व्यवस्था करावी लागते.

ती कशी, हे ‘तोत्तोचान’ मराठीत वाचलेल्यांना ठाऊक आहे. लेखिका कुरोयानागी तेत्सुको या जपानी दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय कलावंत. 1976 मध्ये त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम सुरू झाला आणि 1981 मध्ये हे पुस्तक निघाले. आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या त्यांच्या तोमोए शाळेत उंची खुंटलेला, आखूड हातापायांचा एक मुलगा होता. मुख्याध्यापक कोबायाशी यांनी क्रीडादिनाच्या शर्यतीच अशा योजल्या, की त्याच्या अंगचणीचा त्याला फायदाच व्हावा, आणि त्या तोच जिंकत गेला. बक्षिसे काय, तर मुळा, पालक, अशी भाजी! मुले हिरमुसली, तेव्हा त्यांनी समजाविले, की ही तुमच्या कष्टाची कमाई. आज घरी सगळ्यांना तुम्ही जेवू घालणार.

1945 मध्ये ही शाळा बॉम्बने पेटली. ज्वाळांकडे पाहत ते शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाला विचारीत होते, आता पुढली शाळा कशी काढू या?