हरणाचं मांस फ्रीझरमध्ये ठेवताना

अमेरिकेत मिशिगन राज्यात १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि घरोघरचे फ्रीझर भरतात. मांस ठेवण्याआधी चरबी काढाच. उणे १८ अंशांतही ती हळूहळू खवट होते आणि इतकं सुंदर मांस वाया जातं. हवा लागली की तुकडे कोरडे, करडे पडतात. म्हणून घट्ट गुंडाळा, वर तारीख लिहा. वितळवायचं ते फ्रीजमध्येच, ४ अंशांच्या आसपास, खाली ताट ठेवून. ओट्यावर कधीच नाही.

अस्वलाच्या मांसाबाबत मात्र फ्रीझरवर अजिबात विसंबू नका! त्यात सापडणाऱ्या ट्रायकिनेला कृमीच्या काही जाती गोठूनही जिवंत राहतात. ते आतपर्यंत ७४ अंशांना शिजलंच पाहिजे, आणि हे थर्मामीटर खुपसूनच बघा, रंगावरून नाही.