जाळ्याची फळी आणि समुद्रातले सुरुंग

ट्रॉलरच्या जाळ्याचं तोंड पाण्याखाली उघडं राहतं ते दोन फळ्यांच्या जोरावर. बोट ओढू लागली की तिरक्या बांधलेल्या फळ्यांवर पाण्याचा दाब येतो, एक डावीकडे सरकते, दुसरी उजवीकडे आणि जाळं फाकतं. रत्नागिरीचे ट्रॉलरवालेही असंच जाळं ओढतात. उत्तर समुद्रावरच्या ब्रिटिश मच्छीमारांनी दोन महायुद्धांत याच फळीच्या मदतीने पाणसुरुंग काढले.

सुरुंगाचा गोळा तळाशी टाकलेल्या वजनाला तारेने बांधलेला, पृष्ठभागाखाली दडून असे. त्याच्या अंगावर शिशाची मऊ शिंगं असत. जहाज घासलं की शिंग वाकायचं, आतली काचेची नळी फुटायची, त्यातलं आम्ल खालच्या कोरड्या विद्युतघटात उतरायचं आणि घट जागा व्हायचा. तेवढी वीज स्फोटाला पुरे. वर्षानुवर्षं पाण्यात राहूनही हा घट संपत नसे, कारण आम्ल पडेपर्यंत तो सुरूच झालेला नसे.

अशा सुरुंगाची तार कापायची तर पाण्यातून लांब दोर नेमक्या खोलीवर ओढायला हवा. ते काम मच्छीमारांच्या हातात बसलेलं आहे, हे ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल चार्ल्स बेरेसफर्ड यांनी 1907 साली इंग्लंडच्या ग्रिम्सबी बंदरात ओळखलं. 1910मध्ये राखीव नौदलात ट्रॉलरवाल्यांचा वेगळा विभाग उभा राहिला. पुढे ‘ओरोपेसा’ नावाच्या ट्रॉलरवर जी पद्धत बसवली गेली, तिला त्या बोटीचंच नाव मिळालं. बोटीजवळची फळी दोराला खाली दाबून धरायची, टोकाची फळी त्याला बाजूला खेचायची. सुरुंगाची तार दोरावरून घसरत त्यावर बसवलेल्या कात्रीपर्यंत जायची आणि तुटायची. गोळा वर आला की बंदुकीच्या गोळ्यांनी तो बुडवायचा किंवा फोडायचा. बोटी तिरक्या रांगेत चालत, प्रत्येक मागची बोट पुढचीने झाडलेल्या पाण्यातून जाई. सर्वात पुढच्या बोटीला मात्र हे संरक्षण नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या स्पॅरोज नेस्ट या सार्वजनिक बागेत गस्ती नौदलाचं ठाणं उघडलं आणि मच्छीमार पुन्हा बोलावले गेले. पण 1939च्या शरदात जर्मनीने तळावर पडून राहणारे चुंबकीय सुरुंग टाकायला सुरुवात केली. तिथे कापायला तारच नव्हती! पोलादी जहाज वरून गेलं की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात फरक पडे, सुरुंगातली सुई झुके आणि स्फोट होई. नोव्हेंबरात इंग्लंडच्या किनाऱ्यावर शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग सापडला. ओहोटीच्या वेळात नौदल अधिकारी जॉन ऊव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास बनवलेल्या चुंबकत्वहीन अवजारांनी तो उलगडला.

उपाय निघाला विजेचा. दोन बोटी समांतर चालत, मागे तरंगत्या केबली सोडत आणि ठरावीक अंतराने खाऱ्या पाण्यातून जबर प्रवाह सोडत. त्या क्षणिक चुंबकीय क्षेत्राला फसून सुरुंग बोटींच्या मागे, दूरवर फुटत. या कामाला लाकडी बोट सोयीची, कारण तिचं स्वतःचं चुंबकत्व फारच कमी. त्यामुळे हेरिंग मासे पकडणाऱ्या जुन्या लाकडी बोटी एकाएकी मोलाच्या ठरल्या. मला या इतिहासातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते: प्रयोगशाळेने तत्त्व शोधलं, पण खवळलेल्या समुद्रात दुसऱ्या बोटीशी समांतर राहून जड केबल ओढणं हे पिढीजात कसब होतं.

गस्ती नौदलातल्या ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही, अशा 2,385 जणांची नावं लोस्टॉफ्टच्या स्मारकावर आहेत. 1945मध्ये युद्ध थांबलं तरी सुरुंग पाण्यातच होते, ते काढायचं काम पुढेही चालू राहिलं. उत्तर समुद्रात आजही एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात जुना सुरुंग येतो, आणि मग नौदलाच्या गोताखोरांना बोलवावं लागतं.